सेकंडहँड स्पोर्टी गाडीचा मुका हॉर्न

मोटारीचा हॉर्न वाजतो तेव्हा वीज दोन वाटांनी धावत असते. पहिली वाट मोठ्या करंटची. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेला करंट फ्यूजमधून रिलेत येतो, रिलेतून बंपरमागच्या हॉर्नपर्यंत जातो आणि हॉर्नमधून गाडीच्या पत्र्यात उतरून बॅटरीच्या ऋण टोकाला परत मिळतो. पत्र्यातून होणाऱ्या या परतीच्या प्रवासाला गॅरेजच्या भाषेत ‘अर्थ’ म्हणतात. दुसरी वाट छोट्या करंटची. स्टेअरिंगवरचे बटण दाबले की रिलेतल्या कॉइलला अर्थ मिळतो, कॉइल चुंबक बनते, आतली पट्टी खाली ओढली जाते, ‘टक्’ असा बारीक आवाज होतो आणि मोठी वाट जोडली जाते. हॉर्न बंद पडला म्हणजे या दोहोंपैकी एका वाटेवर कुठेतरी खंड पडलेला असतो, किंवा शेवटी टांगलेला हॉर्नच मेलेला असतो. खंड कुठे पडला हे मोजून ठरवता येते. न मोजता नवा हॉर्न विकत आणणारे पुष्कळ जण असतात आणि त्यांतल्या अनेकांची गाडी पैसे खर्चूनही मुकीच राहते.

घरातल्या साध्या हॅचबॅकमध्ये हा शोध बहुधा अर्ध्या तासात संपतो. सेकंडहँड परफॉर्मन्स कारमध्ये तो लांबतो आणि त्याला कारण गाडीचा वेग नसून तिचा पूर्वेतिहास असतो. भारतात अशा गाड्यांचा छोटा पण हौशी बाजार आहे. १.८ लिटर टर्बो इंजिनाची, दीडशे अश्वशक्तीची पहिली ऑक्टाव्हिया व्हीआरएस, चाकणच्या कारखान्यात बनलेल्या पोलोची २०१३ मध्ये आलेली जीटी टीएसआय, रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ मध्ये बाहेर पडलेली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो, याशिवाय परदेशातून आणलेल्या सुबारू आणि मित्सुबिशी. या गाड्या बहुधा पहिल्या मालकाकडे थांबत नाहीत. एकाने मूळ स्टेअरिंग काढून लहान व्यासाचे रेसिंग स्टेअरिंग बसवलेले असते, दुसऱ्याने पुढे मोठा इंटरकूलर घालण्यासाठी हॉर्न बाजूला सरकवलेला असतो, तिसऱ्याने वजनाचा तोल साधायला बॅटरी डिकीत नेलेली असते. मूळ अलार्मवर दुसरा अलार्म, मूळ हॉर्नऐवजी मोठ्या आवाजाचा जोड, अपघातानंतर रंगवलेली पुढची चौकट हेही असतेच. प्रत्येक बदलात कोणी तरी हॉर्नच्या वायरला हात लावलेला असतो. म्हणून अशा गाडीत पहिला संशय कंपनीच्या मूळ वायरिंगवर न घेता नंतर झालेल्या कामावर घ्यावा.

हॉर्नच्या आत काय असते हे कळले की पुढच्या तपासण्यांचा अर्थ लागतो. डबीत तांब्याच्या तारेची कॉइल असते, तिच्यासमोर पोलादी पडदा ताणून बसवलेला असतो आणि पडद्याला जोडलेल्या लोखंडी दांड्याजवळ पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे संपर्क असतात. करंट आला की कॉइल दांड्याला ओढते, पडदा वाकतो, त्याच हालचालीने पॉइंट उघडतात आणि करंट तुटतो. करंट तुटला की पडदा मागे येतो, पॉइंट मिटतात आणि तेच पुन्हा. ही क्रिया सेकंदाला काही शे वेळा होते. मोटारींच्या हॉर्नचा मूळ सूर साधारण ३५० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. चपट्या हॉर्नमध्ये पडद्यावरची धातूची चकती आवाजाला धार देते. गोगलगाईच्या आकाराच्या हॉर्नमध्ये ते काम वळणदार नळीतला हवेचा स्तंभ करतो. जलद गाड्यांत बहुधा दोन हॉर्न असतात, एक खालच्या सुराचा आणि एक वरच्या. दोन्ही एकदम वाजले की आवाज भरीव होतो आणि दूरवर पोचतो.

विजेवर वाजणारा हॉर्न एका शतकाहून जुना आहे. रबरी फुगा दाबून वाजवायच्या भोंग्याचा आवाज वाढत्या रहदारीत अपुरा पडू लागला, तेव्हा अमेरिकेत मिलर रीझ हचिसन यांनी क्लॅक्सन तयार केला; १९०८ पासून तो बाजारात आला. त्यात एक छोटी मोटर दातेरी चाक फिरवी आणि त्या दात्यांच्या माऱ्याने पडदा थरथरे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या ऑलिव्हर लुकास यांनी १९१० च्या सुमारास विजेचा मोटार हॉर्न विकसित केला. आजचे बहुतेक हॉर्न कॉइल आणि पॉइंट या सोप्या रचनेचेच असतात, आणि भारतात कोइम्बतूरच्या रूट्ससारख्या कंपन्या ते मोठ्या संख्येने बनवतात. रचना सोपी असल्याने बिघाडाचे प्रकारही मोजकेच असतात.

हत्यार हातात घेण्याआधी लक्षण नीट ऐकून घ्यावे. बटण दाबल्यावर पूर्ण शांतता आहे, की रिलेचा ‘टक्’ ऐकू येतो आणि हॉर्न गप्प राहतो? आवाज येतो पण घोगरा आणि दबका आहे? पूर्वी भरीव वाजणारा आवाज आता पातळ झाला आहे? स्टेअरिंग सरळ असताना वाजतो आणि वळवल्यावर बंद पडतो? फक्त पावसात बंद पडतो? की बंदच होत नाही? यातला प्रत्येक प्रश्न शोधाला वेगळ्या दिशेला नेतो. ‘टक्’ ऐकू आला तर बटण, स्टेअरिंगमधली वायर आणि रिलेची कॉइल शाबूत आहेत, म्हणजे दोष मोठ्या वाटेवर आहे. पातळ आवाज म्हणजे जोडीतला एक हॉर्न गेला. स्टेअरिंगच्या कोनाप्रमाणे येणारा-जाणारा आवाज जवळजवळ नेहमी स्टेअरिंगमधल्या फिरत्या जोडाकडे बोट दाखवतो. बऱ्याच गाड्यांत चावी बंद असतानाही हॉर्न वाजतो, काहींत चावी ऑन करावी लागते. आपली गाडी कोणत्या गटात बसते हे मालक-पुस्तिकेत पाहून घेतले म्हणजे विनाकारण शोध सुरू होत नाही.

पहिली तपासणी फ्यूजची. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत हॉर्नच्या फ्यूजची जागा दिलेली असते. पट्टीच्या फ्यूजना ठरलेले रंग आहेत. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. हॉर्नच्या जागी हिरवा फ्यूज दिसला तर आधीच्या मालकाच्या काळात कोणीतरी वारंवार उडणाऱ्या फ्यूजवर मोठा फ्यूज घालून वेळ मारून नेली आहे असे समजावे. हा प्रकार घातक आहे. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. वायरच्या क्षमतेहून मोठा फ्यूज घातला की शॉर्ट झाल्यावर फ्यूज टिकतो आणि वायर जळते. फ्यूज बाहेर काढून उजेडात धरून पाहणे पुरेसे नसते, कारण कधी केसाएवढी भेग डोळ्यांना दिसत नाही. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावून बीप ऐकावा.

फ्यूज उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा नवा घालून, दोन्ही हॉर्नचे कपलर, म्हणजे वायरीचे प्लग, काढून ठेवून बटण दाबावे. फ्यूज टिकला तर दोष हॉर्नमध्ये आहे. मग एकेक कपलर लावून कोणता हॉर्न फ्यूज उडवतो ते कळते. कपलर काढलेले असतानाही फ्यूज उडाला तर वायर कुठेतरी पत्र्याला टेकली आहे. इंटरकूलर बसवलेल्या गाडीत अशा वेळी त्याच्या पाइपाच्या आणि बंपरच्या पोलादी पट्टीच्या मधली जागा आधी पाहावी. वायर तिथे चिमटलेली सापडण्याची शक्यता मोठी असते. पावसाळ्यात ऊब शोधत इंजिनात शिरणारे उंदीर हे दुसरे कारण, आणि महाराष्ट्रातल्या गॅरेजवाल्यांना ते चांगले परिचयाचे आहे.

फ्यूज चांगला निघाला की रिलेकडे यावे, कारण रिले सर्किटच्या बरोबर मध्यावर असतो आणि इथे केलेली एक तपासणी अर्धे सर्किट निर्दोष ठरवते. रिलेवर चार पायांचे आकडे छापलेले असतात: ३०, ८५, ८६ आणि ८७. हे आकडे जर्मन मानकातून आले आणि आता जगभर चालतात. ३० वर बॅटरीचा करंट येतो, ८७ मधून तो हॉर्नकडे जातो, ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोके. सर्वांत सोपी चाचणी म्हणजे त्याच बॉक्समधला हुबेहूब तसाच दुसरा रिले तात्पुरता हॉर्नच्या जागी लावून पाहणे. मात्र बाहेरून सारखे दिसणाऱ्या रिलेंची अंतर्गत जोडणी वेगळी असू शकते. दोन्हींवरचा छापील क्रमांक आणि आकृती जुळत असेल तरच अदलाबदल करावी.

रिले बदलूनही फरक पडला नाही तर तो काढून त्याची रिकामी बैठक तपासावी. मीटरची काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकाला लावून लाल पिन ३० च्या खाचेत ठेवली की बॅटरीइतका व्होल्टेज दिसला पाहिजे. पूर्ण चार्ज असलेल्या, इंजिन बंद असताना मोजलेल्या बॅटरीचा तो सुमारे १२.६ असतो. मग फ्यूज लावलेली जाड वायर घेऊन ३० आणि ८७ या दोन खाचा क्षणभर जोडाव्यात. हॉर्न खणखणीत वाजला तर रिलेपासून हॉर्नपर्यंतची वायर, हॉर्न आणि अर्थ हे सगळे ठीक आहेत. दोष रिलेत किंवा स्टेअरिंगच्या बाजूला आहे. हॉर्न गप्प राहिला तर स्टेअरिंग उघडायची गरजच नाही, बंपरकडे जावे. या एका वायरच्या तुकड्याने वाचणारे श्रम पाहता ही चाचणी टाळून थेट स्टेअरिंग उघडण्याचा गॅरेजमधला रिवाज अनाकलनीय वाटतो. ज्या गाड्यांत रिले फ्यूजबॉक्सच्या छापील सर्किटमध्येच सोल्डर केलेला असतो तिथे हे करता येत नाही. तिथे निदान-यंत्र जोडून गाडीच्या संगणकालाच हॉर्न वाजवण्याचा हुकूम देता येतो.

हॉर्नपाशी पोचण्यासाठी अनेक स्पोर्टी गाड्यांत बंपर किंवा चाकाच्या कमानीतले प्लास्टिक अस्तर काढावे लागते. कपलर काढल्यावर दुसऱ्या कोणाला तरी बटण दाबायला सांगून मीटर लावावा. मीटर १२ व्होल्ट दाखवतो म्हणून वायर चांगली आहे असे मानणे ही या कामातली सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. मीटर नगण्य करंट ओढतो. वायरच्या वीस-तीस धाग्यांपैकी एकच धागा शिल्लक असला तरी तो १२ व्होल्ट दाखवील. हॉर्नला मात्र सुमारे ४ ते ५ अँपिअर लागतात आणि तेवढा भार त्या एका धाग्याला पेलत नाही. म्हणून अनुभवी इलेक्ट्रिशियन कपलरच्या दोन टोकांना हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावतात. हा बल्ब हॉर्नइतकाच करंट ओढतो. तो पांढरा, लख्ख पेटला तर वायर भार सोसते आहे. पिवळट, मिणमिणता पेटला तर वाटेत कुठेतरी रोध आहे.

रोध कुठे आहे हेही बल्ब पेटलेला असतानाच कळते. मीटरची एक पिन बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी कपलरच्या धन टोकाला लावली की जो आकडा येतो तो त्या वाटेत हरवलेला व्होल्टेज. तो अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. तसेच बॅटरीचे ऋण टोक आणि कपलरचे अर्थ टोक यांच्यात मोजावे, तिथे ०.२ व्होल्टहून जास्त आकडा आला तर अर्थ कमजोर आहे. हीच मोजणी हॉर्न वाजत असतानाही करता येते, फक्त पॉइंटच्या उघडझापीमुळे मीटरचा आकडा थरथरतो आणि नीट वाचता येत नाही.

जुन्या स्पोर्टी गाडीत वायर, हॉर्न आणि अर्थ या तिन्हींपैकी सर्वांत आधी अर्थ पाहण्याजोगा असतो. अनेक हॉर्नना एकच वायर असते. त्यांचा अर्थ त्यांना धरणाऱ्या पत्र्याच्या पट्टीतून आणि बोल्टमधून मिळतो. अपघातानंतर पुढची चौकट रंगवली गेली, पट्टीवर जाड पावडर कोटिंग झाले किंवा हॉर्न एखाद्या प्लास्टिकच्या आधारावर हलवला गेला की अर्थ तुटतो आणि हॉर्न नवा असूनही गप्प बसतो. दोन वायरींच्या हॉर्नमध्ये अर्थची वायर वेगळी असते. जर्मन घराण्यातल्या गाड्यांत ती तपकिरी, जपानी गाड्यांत बहुधा काळी. बॅटरी डिकीत नेलेली असेल तर आणखी एक जागा वाढते: डिकीतून पत्र्याला जोडलेली जाड अर्थ वायर. तिचा बोल्ट सैल असला तर हॉर्नबरोबर दिवे आणि स्टार्टरही कुरकुर करतात, आणि ही खूण उपयोगी पडते. बोल्ट काढून खालचा रंग घासून उघडा पत्रा करणे, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळणे आणि वरून गंजरोधक लावणे एवढ्याने काम होते.

हॉर्न स्वतः तपासायचा तर बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या दोन वायरी थेट त्याला द्याव्यात. वाजला नाही तर डबीवर हातोडीच्या दांड्याने हलके ठोकावे. ठोकल्यावर वाजू लागणारा हॉर्न चिकटलेल्या किंवा कार्बन धरलेल्या पॉइंटचा असतो आणि लवकरच पुन्हा बंद पडतो. काही हॉर्नच्या मागे एक छोटा स्क्रू असतो. तो सूर बदलत नाही, पॉइंटचे अंतर बदलतो. घोगरा झालेला आवाज हा स्क्रू एकावेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवून कधी कधी पूर्ववत होतो. पण आजचे पुष्कळसे हॉर्न कायमचे बंद केलेले असतात आणि त्यांना बदलण्याखेरीज उपाय नसतो. गोगलगाई हॉर्न बसवताना त्याचे तोंड खाली किंवा तिरपे खाली असावे. तोंड वर राहिले की पावसाचे आणि धुण्याचे पाणी नळीत साठते, आवाज गुळगुळतो आणि पडदा गंजतो. बंपर बदलताना हॉर्न ‘जसा बसेल तसा’ लावलेल्या गाड्यांत ही चूक नेमकी दिसते. समुद्राकाठच्या गावांत खारी हवा हे काम आणखी वेगाने करते. पुरात सापडून पुन्हा विकल्या गेलेल्या गाडीत बंपरमागचा हॉर्न आणि त्याचे कपलर यांवरचा चिखल आणि हिरवट साका सगळे सांगून जातात; हॉर्न गाडीत खूप खाली बसवलेला असतो आणि तिथली सफाई विकणाऱ्याकडून सहसा राहून जाते.

रिलेवरची चाचणी पार पडली आणि दोष स्टेअरिंगच्या बाजूला निघाला तर कामाचे स्वरूप बदलते, कारण तिथे एअरबॅग असते. बटणाची वायर फिरत्या स्टेअरिंगमधून स्थिर कॉलममध्ये आणण्यासाठी एअरबॅग असलेल्या गाड्यांत स्पायरल केबल वापरतात. गॅरेजमध्ये तिला क्लॉक स्प्रिंगही म्हणतात. शिंप्याच्या मापफितीसारखी गुंडाळलेली ही चपटी केबल प्लास्टिकच्या गोल डबीत असते आणि स्टेअरिंग फिरेल तशी सैल होते किंवा आवळते. हॉर्न, स्टेअरिंगवरची ऑडिओची बटणे आणि एअरबॅग यांच्या वायरी याच केबलमधून जातात. म्हणून हॉर्न बंद आणि त्याच सुमारास एअरबॅगचा दिवा पेटलेला असे दोन्ही दिसले तर केबल तुटली असण्याची शक्यता फार मोठी. असा हॉर्न दुरुस्त न करता गाडी चालवणे म्हणजे अपघातात एअरबॅग उघडणार नाही हे मान्य करून चालवणे. २०१४ च्या एप्रिलमध्ये टोयोटाने जगभरातून सुमारे ६४ लाख गाड्या वेगवेगळ्या दोषांसाठी परत बोलावल्या. त्या दोषांत ही स्पायरल केबल होती आणि भारतातल्या सुमारे ४५ हजार इनोव्हा त्यात आल्या.

एअरबॅगच्या गाडीत स्टेअरिंग उघडण्यापूर्वी चावी बंद करून बॅटरीचे ऋण टोक काढावे आणि निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबावे. काही गाड्यांत तो दीड मिनिटाचा असतो, काहींत त्याहून बराच जास्त. बॅटरी काढल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ विजेचा साठा राहतो, हे थांबण्यामागचे कारण. एअरबॅगच्या कपलरला मल्टिमीटरच्या किंवा टेस्ट लॅम्पच्या पिना कधीही लावू नयेत. हे कपलर बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. मीटरचा छोटा करंटही स्फोटक प्रज्वलकापर्यंत पोचू शकतो. काढलेली एअरबॅग कापडी बाजू वर करून, माणसांपासून दूर ठेवावी. ज्याने हे काम आधी केलेले नाही त्याने इथून पुढे अधिकृत किंवा जाणत्या कारागिराकडे जावे. हॉर्नपायी जीव धोक्यात घालण्याचे कारण नाही.

स्पायरल केबल बदलताना एक नाजूक गोष्ट असते. चाके अगदी सरळ असताना केबल तिच्या मध्यावर असली पाहिजे. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच-तीन फेरे फिरते. केबल मध्यावर नसेल तर एका बाजूला पूर्ण वळवताना ती ताणली जाऊन तुटते. नव्या केबलवर मध्य दाखवणारी खूण आणि कुलूप असते, ते बसवून होईपर्यंत काढू नये. काही गाड्यांत स्टेअरिंगचा कोन मोजणारा सेन्सरही याच भागात असतो. त्या गाड्यांत बदल झाल्यावर तो निदान-यंत्राने पुन्हा जुळवावा लागतो, नाहीतर स्थिरता-नियंत्रणाचा दिवा पेटून राहतो.

बाजारातले रेसिंग स्टेअरिंग लावलेल्या गाड्यांची कहाणी वेगळी. मूळ स्टेअरिंग आणि एअरबॅग निघून गेलेली असते आणि कॉलमच्या शाफ्टवर बॉस किट, म्हणजे नवे चाक बसवण्याचा मधला तुकडा, लावलेला असतो. पुष्कळशा बॉस किटमध्ये हॉर्नसाठी जुन्या काळची योजना असते: मागे पितळी कडे आणि त्यावर घासणारी स्प्रिंगची पिन. पिन झिजली, वाकली किंवा कड्याला पुरेशी टेकली नाही की हॉर्न वळणावर बंद पडतो. दुसरा घोटाळा अर्थचा. मध्यभागी बसणाऱ्या हॉर्न बटणाला कधी एकच वायर असते आणि अर्थ शाफ्टमधून मिळेल असे गृहीत धरलेले असते. शाफ्टच्या वाटेत रबरी जोड असेल तर हा अर्थ पोचतच नाही किंवा ग्रीस भरलेल्या बेअरिंगमधून कसाबसा पोचतो. जोडाला बगल देऊन एक लवचीक अर्थ वायर टाकली की प्रश्न सुटतो. त्याहून मोठा प्रश्न मात्र उरतो. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणाऱ्या फेरफारांना मनाई करते. रस्त्यावर चालवायच्या गाडीत मूळ स्टेअरिंग परत बसवणे हीच अशा हॉर्नची खरी दुरुस्ती.

नव्या पिढीच्या गाड्यांत बटण थेट रिलेला जोडलेले नसते. बटणाचा इशारा आधी स्टेअरिंगमधल्या छोट्या मॉड्यूलला जातो, तिथून डेटाच्या वायरीने बॉडी कंट्रोल मॉड्यूलला, आणि तो संगणक रिले ओढतो. इथे बल्बचा टेस्ट लॅम्प घेऊन वायरी टोचत फिरू नये. या वायरींवर फार कमी करंट असतो आणि बल्बने ओढलेला करंट मॉड्यूल जाळू शकतो. निदान-यंत्रावर बटणाची स्थिती पाहावी. बटण दाबल्यावर पडद्यावरची नोंद बदलते पण हॉर्न वाजत नाही, तर दोष पुढे आहे. नोंदच बदलत नाही, तर बटण, स्पायरल केबल किंवा मॉड्यूल यांत आहे.

बाहेरून बसवलेला अलार्म ही तपासणी आणखी बिकट करतो. चोराला घाबरवण्यासाठी अलार्मवाले हॉर्नच्या वायरला किंवा रिलेच्या ८५ क्रमांकाच्या टोकाला जोड मारतात. तो जोड साधारण वायर सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळून केलेला असतो. दोन पावसाळ्यांत टेपचा चिकटा सुटतो, तांबे हिरवे पडते आणि हॉर्न कधी वाजतो, कधी नाही. आधीच्या मालकाने अलार्म काढून टाकला असला तरी त्याचे तुटके जोड डॅशबोर्डखाली राहतात. असे जोड दिसतील तिथे पूर्ण कापून काढावेत, थिंबल दाबून किंवा सोल्डर करून नवा जोड द्यावा आणि त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी.

न थांबता वाजणारा हॉर्न मुक्यापेक्षा तापदायक. अशा वेळी आधी रिले काढावा. तो वेगळा नसेल तर फ्यूज. हॉर्न गप्प झाला की शांतपणे कारण शोधता येते. रिले काढून हलवल्यावर त्याच्या ३० आणि ८७ मध्ये बीप येत असेल तर आतले संपर्क वितळून चिकटले आहेत. मोठ्या आवाजाचे, जास्त करंट ओढणारे हॉर्न मूळ रिलेवर लावल्याने हे घडते. रिले ठीक असेल तर छोट्या वाटेला कायमचा अर्थ मिळतो आहे: बटणाच्या स्प्रिंगा मोडून पॅड खाली बसले असेल, उन्हात प्लास्टिक वाकले असेल किंवा कॉलममध्ये वायर घासून पत्र्याला टेकली असेल.

मोठे हॉर्न लावायचेच असतील तर त्यांना स्वतंत्र रिले, बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज आणि किमान अडीच चौरस मिलिमीटर जाडीची वायर द्यावी, आणि मूळ हॉर्नची वायर फक्त या नव्या रिलेची कॉइल चालवायला वापरावी. आवाजाला मर्यादा आहेतच. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमन क्रमांक २८ नुसार गाडीपुढे ७ मीटरवर मोटारीच्या हॉर्नचा आवाज जास्तीत जास्त ११२ डेसिबल असावा. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११९ ने एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारे आणि कर्कश, भेदरवणारे हॉर्न वर्ज्य केले आहेत. सेकंडहँड गाडीवर असा हॉर्न आधीच लावलेला सापडला तर तो उतरवून मूळ जोडीचा हॉर्न लावावा. त्यामुळे रिले आणि फ्यूजवरचा अतिरिक्त भारही आपोआप जातो.

गाडी विकत घेण्यापूर्वी हॉर्नची परीक्षा दोन मिनिटांची असते आणि ती बोलणी होण्याआधी करावी. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझतो का ते पाहावे; तो पेटतच नसेल तर बल्ब काढून दोष लपवलेला असू शकतो. इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत मध्ये मध्ये हॉर्न दाबावा आणि पॅडच्या कडेला व मध्यभागी दोन्हीकडे दाबून पाहावा. बॉनेट उघडून हॉर्न एक आहे की दोन, त्यांच्या पट्टीवर ताजा रंग आहे का, फ्यूजचा रंग झाकणावरच्या आकड्याशी जुळतो का, हे बघावे. दुरुस्तीनंतरही हीच परीक्षा पुन्हा घ्यावी, आणि पुढच्या जोरदार पावसानंतर आणखी एकदा; ओल्या कपलरमधला दोष कोरड्या दिवशी दिसत नाही.